सात दिवस, पाच डोकी, जुनी गाडी. पैसे चौथ्याच दिवशी संपू नयेत म्हणून काय करू?

वहीवाली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच प्रश्न घेऊन आलेय.

नवऱ्याला आणि मला एकाच वेळी सात दिवस रजा मिळतेय, तीन वर्षांत पहिल्यांदा. मुलांनाही सुट्टी आहे. गाडीने फिरायला जायचं ठरलंय. माणसं पाच: आम्ही दोघं, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा आणि सासूबाई, वय ६८, गुडघे दुखरे. गाडी छोटी, पेट्रोलवरची, ९ वर्षं जुनी. डिकी नावापुरती.

खरे आकडे चारचौघांत लिहायला मला कसंतरीच होतं, म्हणून साठवलेली रक्कम १०० धरते. माझं काम सध्या अर्धवेळ झाल्यामुळे घरात दीडच पगार येतोय, तेव्हा १०० चे १०१ होणार नाहीत. उधारीवर सहल करायची नाही ही माझी अट. नवऱ्याने मान्य केलीय, जरा तोंड वाकडं करून.

मागच्या वेळीही असाच १०० चा हिशेब मांडून निघालो होतो आणि चौथ्या संध्याकाळी पाकीट रिकामं. पाचव्या दिवशी गुपचूप घरी. मुलीने विचारलं, "आई, पाऊस आहे का तिकडे?" मी हो म्हटलं. पाऊस नव्हता.

यावेळचा आराखडा असा: गोल फेरी, साधारण १,८५० किलोमीटर, सहा रात्री, पाच वेगवेगळे मुक्काम. इंधनाला ३०, राहण्याला ३८, खाण्याला २०, टोल-पार्किंग-तिकिटं मिळून ८. उरले ४, ते अडीअडचणीला.

आता अडलेले प्रश्न. डिकीत सामान मावणार नाही, तर टपावर बसवायचं कॅरिअर कोणाचं जुनं मिळतंय ते घ्यावं का? नवरा म्हणतो पहिल्या दिवशी रात्री जेवून निघू, रस्ता मोकळा मिळेल आणि एक मुक्कामही वाचेल. हे बरोबर आहे का? मुलाला गाडी लागते, दर खेपेला निदान दोनदा उलटी. आणि सासूबाई म्हणतात, "मी कशाला, माझ्यावर उगाच खर्च, तुम्हीच जा." त्यांची बॅग कपाटावरून खाली आलेली मी पाहिलीय, त्यामुळे या वाक्याला अर्थ नाही. पण गुडघ्यांचं काय करायचं ते सांगा.

---

गिअरबॉक्स

कॅरिअर घेऊ नका. फुकट मिळालं तरी घेऊ नका.

कारण सांगतो. हायवेवर इंजिनाची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० चा वेग १०० केला तर वेग सव्वापट होतो, पण अडथळा दीडपटीच्याही वर जातो, १.५६ पट. त्यात टपावर चौकोनी खोकं बांधलंत की गाडीचा आकारच बिघडला. हायवेच्या वेगाला अशा मोठ्या खोक्यापायी १० ते २५ टक्क्यांपर्यंत इंधन जास्त लागू शकतं. तुमचं सामान जर एवढं असेल की डिकीत मावत नाही, तर ते सामान कमी करा. वजनाचा फटका त्यामानाने सौम्य असतो, साधारण ४५ किलोमागे १ टक्का. म्हणजे बॅगा गाडीच्या आत कोंबल्या तर फार बिघडत नाही, टपावर चढवल्या की बिघडतं.

आता तुमच्याच आकड्यांनी हिशेब करू. गाडी १६ चं ॲव्हरेज देते असं धरलं तर १,८५० किलोमीटरला ११६ लिटर. तुमच्या शंभरातले ३० म्हणजे हे ११६ लिटर. कॅरिअरने फक्त १० टक्के खाल्ले तरी १२ लिटर गेले, म्हणजे शंभरातले ३. तुमच्या अडीअडचणीच्या ४ मधले ३ टपावर बसून गेले म्हणा ना.

उलट बाजूने बघा. नीट, एका लयीत, ८०-८५ ने चालवून १६ चं १८ झालं तर १०३ लिटरच लागतील, १३ वाचले. दिवसाला ३०० किलोमीटर मोकळ्या रस्त्याने जायचं असेल तर १०० ऐवजी ८० ने पाऊण तास उशीर होईल, बस.

पण खरी मेख पुढे आहे. फेरीतून ३०० किलोमीटर कापलेत तर १९ लिटर वाचतात, आणि त्यासाठी कुठलीच युक्ती लागत नाही. लोक मला दर आठवड्याला विचारतात की एसी बंद ठेवू का, न्यूट्रलवर उतार उतरू का (अजिबात नको, इंजिनाचा ब्रेक जातो आणि नुसत्या ब्रेकवर सगळा भार येतो). किलोमीटर कमी करू का, असं मात्र कोणी विचारत नाही.

एसीचं म्हणाल तर गावातल्या संथ गतीत काचा उघड्या ठेवा, हायवेला काचा बंद आणि एसी माफक. वाट बघत उभे असाल तर इंजिन बंद करा. गरम इंजिन पुन्हा चालू करायला जेवढं पेट्रोल लागतं, तेवढं दहाएक सेकंद उभ्याउभ्या जळतंच.

आणि ॲव्हरेज अंदाजाने सांगू नका, मोजा. टाकी फुल करा, पंपाचा पाइप पहिल्यांदा आपोआप बंद पडला की थांबा. ट्रिपमीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी तसंच फुल करा आणि किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. दोनदा करा. डॅशबोर्डावरचा आकडा बऱ्याचदा खुशमस्कऱ्या असतो.

टायरची हवा थंड टायरला बघायची, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरच्या भिंतीवरचा आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नाही. पाच माणसं आणि सामान असेल तर स्टिकरवर पूर्ण भाराचा वेगळा आकडा दिलाय का तेही बघा. खरं सांगायचं तर हवेने इंधन फार वाचत नाही, १ पीएसआयला ०.२ टक्क्यांच्या आसपास. पण कमी हवेचा टायर भर उन्हात, भरल्या गाडीत तापून फुटतो, आणि तो खर्च टक्क्यांत मोजायचा नसतो.

---

थेट_बोलतो

एवढा आटापिटा कशाला? रेल्वे नाहीतर बस बघा. गाडीची झीज कोणी धरतच नाही.

---

वहीवाली

@थेट_बोलतो, तोही हिशेब केला होता. एकट्यादुकट्याला बस स्वस्त पडते. पाच माणसांची पाच तिकिटं, पुढे उतरल्यावर रोजची फिरायची गाडी, आणि सासूबाईंना जिने. इंधन पाच जणांत तेवढंच लागतं, तिकिटं पाच लागतात. झीज मात्र खरंच धरली नव्हती, ते बरोबर बोललात.

@गिअरबॉक्स, कॅरिअर रद्द. विकणाऱ्याला कळवलंसुद्धा.

---

निवांतकाकू

तीन मुलं, एक सासरे आणि एक कुत्रा घेऊन मी वीसेक वर्षं अशा सहली केल्यात. यातली बरीच वर्षं पैसे नव्हतेच, त्यामुळे थोडं अधिकाराने बोलते.

गिअरबॉक्स म्हणतात ते सगळं खरं, पण तुझे पैसे पेट्रोलच्या टाकीतून गळले नाहीत गं. एक काम कर. मागच्या सहलीचे पैसे कापल्याचे मेसेज फोनमध्ये असतील. ते काढ आणि रकमा बघू नकोस, वेळा बघ. मला काय दिसेल याचा अंदाज आहे, पण तू आधी बघून ये, मग बोलू.

तोवर बाकीचं सांगते.

सहा रात्रींत पाच मुक्काम म्हणजे पाच वेळा सामान उतरवणं, पाच वेळा चढवणं, पाच वेळा मुलांचे मोजे शोधणं. दोन मुक्काम कर, तीन-तीन रात्रींचे. दोन्ही ठिकाणी स्वयंपाकघर असलेलं छोटं घर किंवा खोली घे. तीन रात्री एकदम घेतल्या तर घासाघीस करायला जागा असते. फोन करून विचारायचं, नुसतं बटण दाबून बुक करायचं नाही. रविवारी निघून शनिवारी परत ये, सहा रात्री होतात आणि त्यात शनिवारची रात्र येतच नाही. फिरायच्या जागी सर्वांत महाग रात्र तीच.

बुक करण्याआधी विचारायचे प्रश्न: शेगडी चालू आहे का, भांडी किती, फ्रिज आहे का, तळमजला आहे का, संडास पाश्चात्त्य पद्धतीचा आहे का. शेवटचे दोन सासूबाईंसाठी, आणि तेच पहिले विचार. पार्किंगचे वेगळे पैसे आहेत का तेही. आम्हाला एकदा स्वस्त खोली मिळाली आणि गाडी उभी करायला रोज खोलीच्या पाव भाडं पडलं.

सासूबाईंना पुढच्या सीटवर बसव. पाय लांब करता येतात, चढाउतरायला सोपं. दर दोन तासांनी गाडी थांबव आणि त्यांना पाच-दहा मिनिटं चालव, त्या नको म्हणाल्या तरी. तासन् तास पाय लोंबकळत बसल्याने पोटऱ्यांत रक्त साकळण्याचा धोका असतो, गुडघे आखडतात ते वेगळंच. आणि लक्ष ठेव, त्या पाणी पिणार नाहीत. बाथरूमला थांबवावं लागेल म्हणून आमच्या वयाच्या बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत, आणि हे कोणाला सांगतही नाहीत. तेव्हा "कोणाला जायचंय का" असं विचारायचंच नाही, सगळ्यांनी उतरायचंच.

मुलाचं. गाडी का लागते, तर कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय, आणि डोळ्यांना दिसते पुढच्या सीटची पाठ, जी हलत नाही. दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगायला लागले की पोट ढवळतं. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त. म्हणून त्याला बाहेरचं, लांबचं दिसलं पाहिजे. त्याच्या वयाला साजेशी उंच चाइल्ड सीट असेल तर सुरक्षितही आणि खिडकीतून दिसतंही. मोबाइल आणि चित्रांची पुस्तकं बंद. अगदी रिकाम्या पोटी बसवायचं नाही आणि पोट भरूनही नाही, थोडं कोरडं काहीतरी. औषध द्यायचं तर डॉक्टरांना वजन सांगून, आणि ते घरी एकदा देऊन बघ, काही मुलं त्यावर झोपतात तर काही उलट नाचायला लागतात. झाकणाचा डबा, ओला रुमाल, एक कपड्यांचा जोड हातासरशी ठेव, डिकीत तळाला नको.

झोपला म्हणून पाच मिनिटांसाठी त्याला बंद गाडीत सोडून तिकिटं काढायला जायचं नाही, काच बोटभर उघडी ठेवूनसुद्धा नाही. उन्हात आतलं तापमान दहा मिनिटांत दहाएक अंशांनी चढतं. काच उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवलेलं खायचं नाही, बाहेर ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर तासाभरातच संपवायचं. खाणं गार ठेवायच्या खोक्यात घालायला बर्फाचे तुकडे विकत घेऊ नकोस. पाण्याच्या बाटल्या पाऊण भरून आदल्या रात्री फ्रीझरमध्ये टाक. मोठा गोळा तुकड्यांपेक्षा हळू वितळतो, आणि वितळला की तेच प्यायचं पाणी. खोकं गच्च भरलेलं हवं, रिकामी जागा राहिली तर टॉवेल कोंब.

मेसेज बघितलेस का?

---

पहाटे_चार

काकूंच्या आणि गिअरबॉक्सच्या मध्ये माझं थोडंसंच. रात्री निघायचा मुद्दा कोणीच घेतला नाही म्हणून लिहितोय.

मीही एक मुक्काम वाचवायला निघालो होतो. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी सामान, साडेदहाला गाडी सुरू. बायको-मुलं मागे झोपलेली. मला झोप येतेय असं मला वाटत नव्हतं, हे महत्त्वाचं. गाणी चालू, खिडकी उघडी. पहाटे चारच्या सुमाराला रस्त्याच्या कडेच्या खडबडीत पट्ट्यांवर चाकं गेली आणि त्या आवाजाने मी जागा झालो. जागा झालो, हाच शब्द बरोबर आहे. तोवर डावी चाकं खाली उतरली होती. एक रिम वाकली, दोन टायर गेले, आणि माणसं सगळी शाबूत. वाचवलेल्या मुक्कामाच्या तिप्पट पैसे आणि सहलीचा एक अख्खा दिवस गेला.

नंतर वाचलं. १९९७ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात सलग १७ तास जागलेल्या माणसांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्यांइतकी ढासळली होती. सकाळी सहाला उठलेल्या माणसाचे १७ तास रात्री अकराला भरतात, म्हणजे तुमचे मिस्टर जेवून निघतील तेव्हा घड्याळ संपतच आलेलं असेल. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ६६ मीटर, चालकाशिवाय.

लवकर निघायचंच असेल तर आदल्या रात्री नऊला सगळे झोपा आणि पूर्ण झोप काढून पहाटे निघा. दुपारी दोन ते चार पुन्हा पेंग येते, तेव्हा गाडी थांबवा. कॉफी पिऊन लगेच वीस मिनिटं डोळे मिटायचे. कॉफी अंगात उतरायला तेवढाच वेळ लागतो, दोन्हीचा गुण एकदम येतो. खिडकी उघडून आणि गाणी लावून झोप जात नाही. माझं झालंय करून.

---

वहीवाली

काकू, बघितलं. काल रात्री साडेअकरापर्यंत बसून वहीत लिहून काढलं आणि आता थोडी चिडलेय, स्वतःवरच.

मागच्या शंभरापैकी इंधनाचे २९ बाजूला काढले. उरलेल्या ७१ पैकी ४४ संध्याकाळी सहा ते रात्री दहा या वेळात गेलेत. दुसऱ्या दिवशीची खोली पहिल्या रात्रीच्या दुप्पट, मेसेज ९ वाजून ४० मिनिटांचा. तिथे पोचलो तेव्हा मुलगा रडत होता, सासूबाईंना गाडीतून उतरता येत नव्हतं आणि आम्ही भाव विचारलाच नाही. त्याच रात्री जेवणाचं बिल दिवसभराच्या खाण्याइतकं, आणि त्यातलं निम्मं ताटात राहिलेलं मला आठवतंय. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला एक खेळण्यातली गाडी. ती गप्प बसवण्यासाठी घेतली होती, अर्ध्या तासात मोडली.

मी तीन वर्षं समजत होते की तिकिटांनी आम्हाला बुडवलं. तिकिटांचे एकूण ६ निघाले.

नवऱ्याला रात्री निघण्यावरचा प्रतिसाद वाचायला दिला. त्याने वाचला, फोन परत दिला आणि म्हणाला, "पहाटे किती वाजता?"

---

निवांतकाकू

तेच म्हणत होते. दमलेला माणूस भाव विचारत नाही. सकाळी दहाला जो बाप दोन पैशांसाठी वाद घालतो, तोच रात्री नऊला म्हणतो, दे काय ते, पण आडवा होऊ दे.

म्हणून एकच नियम ठेव: पाचच्या आत मुक्कामाला पोचायचं आणि रात्रीचं जेवण तिथेच करायचं. पोचल्यादिवशी स्वयंपाकाची शक्ती नसते, त्या रात्रीचं करून न्यायचं किंवा अगदी पंधरा मिनिटांत होणारं ठेवायचं. बाहेर खायचं असेल तर दुपारी खा. भूक लागण्याआधी दहा मिनिटं जागा ठरव, भूक लागल्यावर नको.

आणि अडीअडचणीला ४? बाई गं. निदान १५ ठेव.

---

गिअरबॉक्स

काकूंच्या १५ ला अनुमोदन, गाडी ९ वर्षांची आहे.

गाडी गॅरेजला दाखवायची ती निघायच्या दोन आठवडे आधी, आदल्या दिवशी नाही. नवीन बसवलेल्या भागात काही खोट असेल किंवा पाइप नीट आवळला नसेल तर ते पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये कळतं. ते घराजवळ कळलेलं बरं. मी एकदा निघायच्या आदल्या संध्याकाळी रेडिएटरचा पाइप बदलून घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उजाड माळावर वाफेकडे बघत बसलो.

त्यांना सांगा: ब्रेक, कूलंट, बॅटरी, बेल्ट, वायपर, सगळे दिवे. टायरचं वय तुम्ही स्वतः बघा, भिंतीवर कोडच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ चा २३ वा आठवडा. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की बऱ्याच देशांत कायद्याने टायर बाद. पावसात चालायचं असेल तर त्याच्या आधीच बदला. स्टेपनीतही हवा बघा, सगळे तीच विसरतात. स्टेपनी बारीक चाकाची असेल तर तिच्यावर ८० च्या वर जायचं नाही. आणि जॅक लावून चाक एकदा घरी, उजेडात बदलून बघा. दोघांनीही.

---

वहीवाली

नवा आराखडा. फेरी १,२४० किलोमीटर, मुक्काम दोन. शेवटचं टोक कापलं. तिथे एक प्रसिद्ध जागा आहे आणि मला ती बघायचीच होती, पण यावेळी नाही.

१६ च्या ॲव्हरेजने साडेसत्याहत्तर लिटर, म्हणजे २०. राहण्याला ३४, खाण्याला १५, टोल-पार्किंग-तिकिटं ८. अडीअडचणीला १५. उरले ८, ते मौजेचे. त्याचं पाकीट मुलीकडे देणार. रोज एक गोष्ट ती ठरवणार, आणि संपले की संपले. घरच्या रोजच्या फिरण्यात ॲव्हरेज १४.६ निघालं, त्याची थोडी धास्ती वाटतेय.

---

गिअरबॉक्स

गावात तेवढंच मिळतं. हायवेला वाढेल. जा बिनधास्त.

---

वहीवाली

सहा आठवड्यांनी परत आलेय. ज्यांनी वेळ दिला त्यांना हिशेब द्यायला हवा.

एकूण ९० गेले. अडीअडचणीचे १३ जसेच्या तसे परत आले. एक पंक्चर आणि एक दिव्याचा बल्ब, एवढ्यावर भागलं. चाक नवऱ्याने आणि मी मिळून अठरा मिनिटांत बदललं. मुलीने वेळ लावली होती. प्रत्यक्षात १,३१० किलोमीटर झाले (७० किलोमीटर चुकण्याचे, नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला होता पण तो बघणार कोण यावरून वाद), पेट्रोल ७६ लिटर, ॲव्हरेज १७.२.

खाण्यात चुकलो. १५ चे १९ झाले. दुसऱ्या घरात "सुसज्ज स्वयंपाकघर" म्हणजे एक तवा आणि झाकण नसलेलं पातेलं होतं. भांडी किती, हा प्रश्न मी पहिल्या घराला विचारला आणि दुसऱ्याला विचारायची विसरले.

पाचच्या आत पोचायचा नियम सहापैकी पाच दिवस पाळला. जो दिवस चुकला त्याच दिवशी आठ वाजता नवऱ्याने रस्त्यात गाडी हळू केली आणि एका चकचकीत पाटीकडे बघितलं. मी काही बोलले नाही. सासूबाई म्हणाल्या, "डब्यात आहे अजून." पुढे गेलो.

त्या शेवटपर्यंत पुढच्या सीटवर. पहिल्या दिवशी संकोचल्या, दुसऱ्या दिवशी नवऱ्याला गिअर कधी बदलायचा ते सांगायला लागल्या. पाण्याचं काकू म्हणाल्या ते शब्दशः खरं निघालं. पहिल्या दिवशी बाटली तशीच्या तशी भरलेली. मग मी सगळ्यांना उतरवायला लागले आणि संध्याकाळपर्यंत बाटली रिकामी व्हायला लागली.

मुलीने मौजेच्या ८ मधले ३ पहिल्याच दिवशी एका झुल्यावर उडवले आणि रात्री रडली. मग उरलेले इतके जपून वापरले की शेवटच्या दिवशी आम्हाला तिच्याकडे आइस्क्रीम मागावं लागलं. तिने आधी भाव विचारला.

मुलाला एकदाच उलटी झाली, घरापासून वीस किलोमीटरवर, परतताना. डबा हातात होता, पण त्याने नेम दुसरीकडे धरला. सीटच्या फटीत गेलंय. तीनदा पुसलं तरी गाडी उन्हात उभी राहिली की आंबूस वास येतोच. काय करू?

---

निवांतकाकू

खाण्याचा सोडा कोरडाच पसर, भरपूर. रात्रभर राहू दे, सकाळी व्हॅक्यूमने ओढून घे. दोनदा करावं लागेल. अत्तर मारू नकोस, दोन्ही वास मिळून तिसराच तयार होतो.

---

गिअरबॉक्स

त्याआधी चाइल्ड सीट बाहेर काढा आणि तिचं कव्हर वेगळं धुवा, वास बहुतेक तिथेच असेल. पट्टे फक्त ओल्या फडक्याने पुसा, मशिनमध्ये टाकू नका. आणि बकलमध्ये सोडा जाऊ देऊ नका, त्यावर आधी टेप लावा.